भंगाराच्या दुकानातून धातुशास्त्राकडे

प्रश्न : नाशिकला माझं भंगाराचं दुकान आहे. मुलगा पीसीएम घेऊन बारावी झाला. त्यानं कॉम्प्युटर इंजिनिअर व्हावं, अशी माझी इच्छा. तो म्हणतो, ई-कचऱ्यातच काम करणार. भंगारच करायचं होतं तर शिकवलं कशाला?

उत्तर : नमस्कार. तुम्ही जो त्रास काढलात तो मुलाच्या वाट्याला येऊ नये, ही तुमची तळमळ पोचली. तरी मला त्याचं म्हणणं पटतं.

२०२२ मध्ये जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. रीतसर गोळा होऊन प्रक्रिया झाल्याची नोंद जेमतेम २२ टक्क्यांची. आपल्याकडचा उरलेला माल कुठे जातो, हे तुम्ही जाणताच. दिल्लीच्या सीलमपूरला तो फोडतात. मुरादाबादला त्यातले सर्किट बोर्ड जाळून, अ‍ॅसिडात बुडवून तांबं-सोनं काढत आले आहेत. वायरीचं प्लास्टिक जळताना डायॉक्सिन हे विषारी रसायन हवेत जातं, वापरलेलं अ‍ॅसिड नाल्यात, शिसं काम करणाऱ्यांच्या अंगात. इतकं सोसूनही पॅलेडियमसारखे मौल्यवान धातू बरेचसे वायाच जातात.

हेच धातू धूर आणि सांडपाणी अडवून, पुरेपूर काढायचे कसे, हे इंजिनिअरिंगच्या धातुशास्त्र शाखेत शिकवतात. पुण्याच्या सीओईपीत ही शाखा आहे, तिथे एमएचटी-सीईटीवर प्रवेश मिळतो. नागपूरच्या व्हीएनआयटीला जेईई मेन लागते. केमिकल इंजिनिअरिंगमधूनही इकडे येता येतं. मात्र धातुशास्त्राचा बराचसा अभ्यास पोलाद आणि ओतकामाचा असतो. रसायनांनी धातू वेगळे करण्याचा विषय आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्यानं हट्टानं निवडायला हवा. पुढे हैदराबादचं सी-मेट ही सरकारी संशोधन संस्था, जमशेदपूरची राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा यांत या विषयावर संशोधन चालतं.

नोकरीचं म्हणाल, तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी टीव्ही-मोबाइल बनवणाऱ्या कंपन्यांवर पुनर्चक्रणाचं ठरलेलं उद्दिष्ट टाकलं आहे. त्यासाठी त्यांना नोंदणीकृत कारखान्यांकडून तेवढं पुनर्चक्रण झाल्याची प्रमाणपत्रं घ्यावी लागतात. म्हणजे कारखान्यांत तंत्रज्ञ हवेत आणि कंपन्यांत हा हिशेब सांभाळणारी माणसंही. पण कारखान्याचं खरं अडतं ते मालावर. कुठला माल कुणाकडून कोणत्या भावानं येतो, हे पदवी घेतलेल्या मुलाला कॉलेजात कळत नाही. तुमच्या मुलाला ते घरात बसून कळलंय. ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

तुम्हालाही एक सांगते. नोंदणीशिवाय बोर्ड फोडू नका, आलेला माल अख्खा नोंदणीकृत कारखान्याला द्या. नोंदणीकृतांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर मिळेल. त्यातला जवळचा कारखाना गाठा, परवानगी काढा आणि प्रवेशाचे पर्याय भरण्याआधी दोघं मिळून पाहून या.