शाईची बाटली आणि गाडीची डिक्की

बाबू,

तुझं पत्र मिळालं, दोनदा वाचलं. पळसाच्या फुलांची प्रिंटरसाठी शाई करायची आणि मोटरसायकलला अशी डिक्की बसवायची की "सगळं मावलं पायजे", असे दोन शोध तू लिहिलेस आणि विचारलंस की काका, पेटंट कुठं काढायचं. पेटंटचं शेवटी सांगतो. आधी मला सांग, या दोन्हींमागं तक्रार कोणाची आहे? म्हणजे कोणाचं काय बिघडलं, कुठं बिघडलं, दिवसाच्या कोणत्या वेळेला बिघडलं. सगळं मावलं पायजे लिहिलंस, पण सगळं म्हणजे काय काय ते एकदाही लिहिलं नाहीस, आणि मला तिथंच अडलं.

पळसाचं आधी बोलू. कल्पना मला आवडली, खोटं नाही सांगत, फाल्गुनात आपल्याकडं रस्त्याच्या दोन्ही बाजूनं पळस पेटलेला असतो, कोणालाही वाटेल की एवढा रंग वाया चाललाय. पण प्रिंटरच्या आत शाईला काय काय सोसावं लागतं ते बघ. १९७७ साली जपानमध्ये कॅननच्या लॅबमध्ये इचिरो एंडो काम करत होते, त्यांच्याकडं शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला गरम सोल्डरिंग आयर्न लागलं आणि सुईच्या टोकातून शाई फुर्रकन उडाली. दुसरा कोणी असता तर टेबल पुसून कामाला लागला असता. त्यांनी विचार केला की ही उडाली काऊन, आणि त्यातून बबल जेट नावाचं शाई उडवायचं तंत्र आलं. तापलेल्या जागेवर शाईतल्या पाण्याचा बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो, एका सेकंदात हजारो वेळा. थेंब केवढा, तर काही पिकोलिटर. एका लिटरचे लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक पिकोलिटर. आता पळसाच्या पाण्यात काय असतं, झाडाची साखर, डिंक, बारीक चोथा. ते तापलेल्या जागेवर बुडाला लागलेल्या दुधासारखं करपणार, आणि केसापेक्षा बारीक भोकात एकदा करपलं की ते हेड, म्हणजे प्रिंटरचा शाई उडवणारा भाग, गेलं. एपसनच्या प्रिंटरात उष्णता नसते, तिथं विजेनं वाकणारा स्फटिक शाईला धक्का देतो, म्हणून करपायचं भ्या नाही, पण भोक तेवढंच बारीक आणि चोथा तोच.

बाजारातल्या शाईत जास्त करून पाणीच असतं, पण सोबत ग्लिसरीन, ग्लायकॉलसारखं काहीतरी असतं जेणेकरून ती भोकाच्या तोंडाशी सुकू नये, थेंब नीट सुटावा म्हणून साबणाच्या जातीचं काहीतरी असतं, आणि बुरशी लागू नये म्हणून औषध असतं. तू फुलं उकळून बाटलीत भरशील तर चार दिवसात वर साय धरेल. म्हणून माझं स्पष्ट मत, पळस इंकजेटमध्ये, म्हणजे अशा शाई उडवणाऱ्या प्रिंटरमध्ये, घालू नको, स्क्रीन प्रिंटिंगमध्ये घाल. स्क्रीनच्या जाळीतून घट्ट रंगही पडतो. कापडी पिशवीवर छापून बघ, एक तुकडा उन्हात टाक, एक कपाटात ठेव, महिन्यानं दोन्ही शेजारी धर. रंग किती उडतो ते डोळ्यानं दिसेल, मला विचारायची गरज पडणार नाही.

शाईतली खरी तक्रार माझ्या दुकानात दर पावसाळ्यात येते. शेतकरी सातबाऱ्याची प्रिंट शर्टच्या खिशात घालून नेतो, पीक विम्याच्या रांगेत भिजतो, आणि खिशातून कागद काढला की निळं-काळं पाणी. घरी करून बघ, तुझ्या प्रिंटरवर एक काळी आणि एक रंगीत रेघ मार, दहा मिनिटं सुकू दे, बोटानं पाण्याचा एकेक थेंब ठेव. जी पसरली ती डाय, पाण्यात साखर विरघळते तसा रंग त्यात विरघळलेला असतो. जी जागची हालली नाही ती पिगमेंट, म्हणजे हळदीचं पाणी जसं असतं, कण तरंगत असतात, फक्त हे कण इतके बारीक की त्यातले दहाएक सलग ठेवले तर मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग होतात. बऱ्याच मॉडेलात काळी पिगमेंट आणि रंगीत डाय असते, आणि हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. तू निदान सातबारा, जातीचा दाखला असे कागद पिगमेंट काळ्यावरच काढ, अर्ध्या तक्रारी तिथंच संपतात. याला शोध म्हणणार नाही मी, पण शोधाची सुरुवात अशीच होते.

आता डिक्की. माझी गोष्ट सांगतो, म्हणजे मी काय म्हणून राहिलो ते समजेल. एका एप्रिलमध्ये मी टँकवाल्या प्रिंटरच्या शाईच्या चार बाटल्या आणि दोनशे लग्नपत्रिका एकाच पत्र्याच्या डिक्कीत टाकून एका गावाला निघालो. दुपारचा एक वाजला असेल, रस्ता अर्धा गिट्टीचा. पोचून झाकण उघडलं तर मजेंटाची बाटली आडवी, बूच सैल, आणि पत्रिकांच्या गठ्ठ्याच्या खालच्या अर्ध्या भागाला गुलाबी कड. मुलीच्या बापानं गठ्ठा हातात धरला आणि एवढंच म्हणाला, "भाऊ, मंगळवारी वाटाले निघाचं होतं ना." त्याचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. रात्रभर बसून पुन्हा छापल्या. माझ्या बोटावरचा मजेंटा तीन दिवस गेला नाही.

मग मी शोधत बसलो की झालं काय. उन्हात पत्र्याची डिक्की भट्टी होते, बाटलीत वर उरलेली हवा तापून फुगते, ती शाईला बाहेर ढकलते. गिट्टीच्या हादऱ्यानं बूच आटा-आटा सैल होत जातं. आणि बाटली आडवी पडली की हवेऐवजी शाईच बुचाशी येते. तीन कारणं, एक गळती. यातलं एकही "डिक्की मोठी पायजे" असं नव्हतं! मोठी असती तर बाटली जास्त उड्या मारत गेली असती.

म्हणजे तुझे दोन शोध खरं तर एकच आहेत. तू गावोगाव प्रिंटर दुरुस्तीला जातोस, शाई नेतोस, कागद नेतोस, परत येताना कोणाचं तरी बिघडलेलं हेड आणतोस. मे महिन्यातल्या विदर्भात शाई आणि कागद मोटरसायकलवरून धड कसे न्यायचे, हा तुझा प्रश्न आहे. हा दुसऱ्या कोणाकडं नसेल असं मी म्हणत नाही, पण तुझ्याएवढ्या जवळून फार थोड्यांनी बघितला असेल.

आठ दिवस फक्त मोजमाप कर, वेल्डिंगवाल्याकडं जाऊ नको. डिक्कीत थर्मामीटर ठेव, सकाळी, दुपारी आकडा लिही. निघायच्या आधी आणि पोचल्यावर बाटली किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेव. रस्ता डांबरी का गिट्टीचा तेही लिही. बुचावर पेनानं रेघ मार, ती बाटलीवरच्या रेघेपासून किती सरकली ते बघ. मग तुला कळेल की आधी गरमीशी भांडायचं का हादऱ्याशी. माझा अंदाज आहे की बाटली उभी राहावी म्हणून चपलेच्या फोमच्या जाड शीटला घट्ट भोकं पाडली तरी निम्मं काम होईल, पण अंदाजावर वेल्डिंग करायचं नसते. सायलेन्सर बहुतेक गाड्यांना उजवीकडं, म्हणून शाई डावीकडं. कागद आडवा, सपाट, वेगळ्या कप्प्यात.

वजन मागच्या चाकाच्या मागं जेवढं लटकवशील तेवढं पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल तरंगायला लागतं, हे वळणावर कळतं आणि तेव्हा उशीर झालेला असतो. वजन खाली आणि सीटच्या जवळ ठेव. मापही मनानं घेऊ नको, दुचाकीच्या डब्याला सरकारनं २०२० मध्ये माप घालून दिलंय, लांबी ५५० मि.मी., रुंदी ५१०, उंची ५००, आणि डबा मागच्या माणसाच्या जागेवर बसवला तर मागं माणूस बसवायचा नाही. जागा कशी काढतात ते बघायचं असेल तर होंडाची २०१२ ची एनसी ७०० एक्स बघ, त्यांनी इंजिन पुढं झुकवलं, पेट्रोलची टाकी सीटखाली नेली आणि टाकीच्या जागी आख्खं हेल्मेट मावेल असा कप्पा केला. वजन दोन्ही चाकांच्या मधे राहिलं. डबा चिकटवण्यात आणि गाडीचा विचार करण्यात हा फरक आहे.

तू लिहिलंस की कंपन्या एवढ्या मोठ्या, आपलं कोण ऐकणार. अरे, टँकवाले प्रिंटर कसे आले? इंडोनेशियात लोक महागड्या कार्ट्रिजला वैतागून प्रिंटरला बाहेरून शाईच्या टाक्या आणि नळ्या जोडत होते, ते बघून एपसननं २०१० मध्ये तिथंच टाकीवाला प्रिंटर विकायला काढला. आज तुझ्या टेबलावर तोच बसलाय. आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे, त्यांनी शेतात तीन वेगळ्या लोंब्या बघितल्या, वेगळ्या ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, त्याचा एचएमटी तांदूळ झाला. तो किती राज्यांत पोचला, पण दादाजींच्या हाती फार काही आलं नाही. हे आठवलं की मला आजही त्रास होतो, आणि म्हणूनच तुला सांगतो, जे करशील ते तारीख घालून वहीत लिही, फोटो काढ, पण व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला टाकू नको. अर्ज करायच्या आधी गोष्ट जगजाहीर झाली की ती नवी राहत नाही, आणि नवी नसेल तर पेटंट नाही.

पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचं असतं. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज करता येतो, मग पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३ मध्ये एक गोष्ट लिहिलीय ती तुझ्याच डिक्कीसाठी लिहिल्यासारखी आहे, माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपलं जुनंच काम करत असली तर तो शोध धरत नाहीत. म्हणजे डिक्कीत चार्जर, टॉर्च आणि कुलूप बसवलं, त्याला काही मिळणार नाही. पण बूच सैल होऊ न देणारी बैठक तू खरंच नवीन काढलीस तर ती वेगळी गोष्ट. नुसता आकार नवा असेल तर डिझाइनची नोंदणी असते, १० वर्षं आणि वर ५ वाढवून मिळतात. आधी पेटंट ऑफिसच्या साइटवर फुकट शोधून बघ की तुझ्यासारखं कोणी केलंय का. नागपूरला राजीव गांधींच्या नावाची बौद्धिक संपदेची केंद्र सरकारची संस्था आहे, तिथं हे शिकवतात, एकदा जाऊन ये, बसभाडं मी देतो.

आठ दिवसांची वही झाली की घेऊन ये. मंगळवारी येऊ नको, बाजार असतो, दुकानात उभं राहायला जागा नसते. रविवारी दुपारनंतर ये, आणि ती रेघ मारलेली बाटली पण आण, बूच किती सरकलं ते मला माझ्या डोळ्यानं बघायचंय.

तुझा,
काका