बार्बेक्यू: चेनचं चांगलं की घरच्यांनी चालवलेलं?

वडिलांची साठी आहे, घरचे पंधराएक जण येणार आहेत आणि त्यात आजी पूर्ण शाकाहारी. अशा वेळी नाशकात मोठ्या चेनच्या बार्बेक्यूत बुफे घ्यायचा, की गंगापूर रोड-त्र्यंबक रोडच्या बाजूला घरच्याच लोकांनी चालवलेल्या एखाद्या छोट्या ठिकाणी जायचं, असा तुमचा प्रश्न आहे. सोबत हेही विचारलंय, की छोट्या ठिकाणची चव खरंच वेगळी असते, की लोक उगाच कौतुक करतात? मी बरीच वर्षं केटरिंगमध्ये काढली, शेगडीवर कारागीर उभे केले आणि स्वतःही उभा राहिलो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चव वेगळी असते, यात शंका नाही. पण चेनमध्ये आज जे मिळतं तेच दोन महिन्यांनीही मिळतं, आणि छोट्या ठिकाणी बुधवारी जे मिळालं ते गुरुवारी मिळेलच असं नाही. बुधवार-गुरुवार मी सहज नाही लिहिलं, त्याबद्दल पुढे सांगतोच.

आधी चेनचं गणित बघू. टेबलाच्या मधोमध शेगडी, तिच्यावर सळया, आणि पोट भरलं की छोटा झेंडा आडवा करायचा, हा प्रकार आपल्याकडे लोकांच्या अंगवळणी पाडला तो बार्बेक्यू नेशनने. ती चेन 2006 साली मुंबईत सुरू झाली. या पद्धतीत माल बहुतेक सगळा आत किचनमध्येच शिजतो. टेबलावरची शेगडी तो गरम ठेवायला असते. नवीन माणसाला वाटतं, आपल्यासमोर भाजलं जातंय, अजून थोडं होऊ द्या. तो सळई तशीच राहू देतो आणि चिकन कोरडं पडतं. सळई आली की लगेच उतरवून खा, निम्मी तक्रार तिथेच मिटेल. दुसरी गोष्ट, दर ठरलेला असतो, म्हणून बटाटा, मका, अननस, ब्रेड असं पोट भरणारं आणि स्वस्त आधी येत राहतं. यात फसवणूक काही नाही, बुफेचा धंदाच असा चालतो. वेटरला सुरुवातीलाच सांगायचं की आम्हाला मासे आणि मटण आधी द्या. सांगितलं तर आणतात.

चेनचं मसाल्याचं प्रमाण लिहून ठेवलेलं असतं आणि कारागीर बदलला तरी चव बदलत नाही. ही सोपी गोष्ट नाही. पंधरा माणसांच्या कार्यक्रमात ही खात्री फार मोलाची असते.

आता निखाऱ्यांकडे येऊ, कारण चांगल्या छोट्या ठिकाणाची खरी ताकद तिथे आहे. जुन्या नाशकात, भद्रकाली-दूध बाजाराच्या बाजूला संध्याकाळी एखाद्या शेगडीसमोर पाच मिनिटं नुसते उभे राहा. चांगला कारागीर काळा कोळसा दिसत असताना त्यावर काही ठेवत नाही. वर पांढुरकी राख धरेपर्यंत थांबतो, मग हात निखाऱ्यांवर धरून आच बघतो. शेगडीच्या एका टोकाला निखारे दाट ठेवतो, दुसऱ्या टोकाला विरळ. सीख कबाबाचा खिमा ओल्या हाताने सळईवर दाबत नेतो, आणि त्या खिम्यात चरबी बेताचीच पण असायलाच हवी. नुसतं लाल मांस असेल तर कबाब सळईवरून सुटतो आणि रबरासारखा लागतो. चरबी वितळून निखाऱ्यावर पडते, तिचा धूर वर येऊन मांसाला बसतो, आणि आपण ज्याला कोळशाची चव म्हणतो ती बरीचशी त्या धुराची असते. जाळ उठला की तो सळई लगेच विरळ बाजूला सरकवतो. जाळात मांस काळं होतं, कडवट लागतं आणि आतून कच्चंच राहतं. हे सगळं तो पंख्याने वारा घालता घालता, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता करत असतो. एकच माणूस एकाच शेगडीवर वर्षानुवर्षं उभा राहिला की हे हातात बसतं, आणि ते कागदावर उतरवून दुसऱ्या शाखेला पाठवता येत नाही. माझा जीव छोट्या ठिकाणांवर आहे तो यासाठीच.

मसाला लावण्यातही असंच आहे. मीठ मांसात आतपर्यंत जातं, बाकीचा मसाला बहुतेक वरच राहतो. म्हणून आधी मीठ लावून ठेवायचं आणि दही-मसाला नंतर. कच्च्या पपईने मांस मऊ पडतं, पण जास्त वेळ राहिली तर वरून लिबलिबीत होतं. चावताना पोत लागत नसेल, नुसता लगदा वाटत असेल, तर ती पपई जास्त झालेली असते किंवा माल कालचा असतो. लालभडक रंग दिसला तर तिथून उठाच. कबाब-तंदुरीत कृत्रिम रंग घालायला परवानगी नाही. कर्नाटक सरकारने तर जून 2024 मध्ये कबाबांतल्या अशा रंगांवर वेगळा बंदीचा आदेशच काढला. काश्मिरी मिरचीचा रंग तांबूस असतो, बोटाला असा चिकटून बसत नाही.

आता बुधवार-गुरुवार. आपल्याकडे घराघरात वार पाळतात. सोमवार, गुरुवार, शनिवार बरेच लोक खात नाहीत, काही घरांत मंगळवारही. म्हणजे मटण-चिकनचा खरा खप रविवार, बुधवार आणि शुक्रवारचा. छोट्या ठिकाणी या तीन दिवशी माल ताजा येतो आणि रात्रीपर्यंत संपतो. गुरुवारी जाल तर बुधवारचं उरलेलं फ्रीजमधून निघण्याची शक्यता असते. श्रावणात तर कित्येक जण शेगडी अर्धीच पेटवतात, कारागीरही गावाला जातात. आणि गटारीच्या दिवशी चांगल्यातल्या चांगल्या ठिकाणीही जाऊ नका, गर्दीत कुणाचंच मांस नीट भाजलं जात नाही. चेनमध्ये वारांचा फरक कमी जाणवतो, कारण त्यांचा माल ठरलेल्या पुरवठ्यातून येतो.

छोट्या ठिकाणी रात्री दहा वाजता "कबाब संपले" असं सांगितलं तर नाराज होऊ नका. ती जागा लक्षात ठेवा आणि दुसऱ्या वेळी आठ वाजता जा. अमेरिकेत टेक्सासमध्ये बार्बेक्यू म्हणजे लाकडाच्या मंद धुरात दहा-बारा तास शिजवलेलं मांस, आपल्यासारखं निखाऱ्यावर पटकन भाजलेलं नाही. तिथेही नावाजलेल्या छोट्या दुकानांत मांस संपलं की दुकान बंद. लॉकहार्टचं ब्लॅक्स 1932 पासून एकाच कुटुंबाच्या हातात आहे. आणि डिकीज ही तिथली मोठी चेन 1941 मध्ये डॅलसला एका कुटुंबाच्या दुकानातूनच सुरू झाली. म्हणजे घरचं आणि चेनचं यांत जन्मजात फरक नसतो. रोज किती शिजवायचं आणि त्यासमोर कोण उभं राहायचं, हे जिथे घरचा माणूस स्वतः ठरवतो तिथे चव टिकते.

म्हणूनच मला सध्याचं एक चित्र खटकतं. छोटी ठिकाणं चेनची नक्कल करायला लागली आहेत. चार प्रकारचे कबाब आणि रुमाली रोटी यावर नाव कमावलेल्या माणसाचा मुलगा दुकान वाढवतो. कार्डावर चायनीज येतं, पिझ्झा येतो, टेबलावर शेगड्या बसतात, शनिवार-रविवार बुफे लागतो. मुंबई-पुण्याची गर्दी वायनरी बघून सावरगाव-गंगापूरच्या रस्त्याला येते, तेव्हा हा मोह होणं समजू शकतो. पण इतका खप रोज नसतो, मग माल उरतो, उरलेला माल ग्रेव्हीत जातो आणि जुना कारागीर कंटाळून दुसरीकडे जातो. माझ्या आवडीच्या एका ठिकाणी असंच झालं. बोर्ड तोच, गल्ल्यावर घरचाच माणूस, पण शेगडीवर रोज वेगळा पोरगा. अशा ठिकाणापेक्षा चेन शंभर पटीने बरी. छोटं ठिकाण निवडताना मालक कोण हे विचारण्यापेक्षा कार्ड किती लांब आहे ते बघा. बारा पानी कार्ड असेल तर तिथला बार्बेक्यू नको.

स्वच्छतेचं म्हणाल तर चेन सहसा पुढे असते, हे मान्य करायला हवं. तरी छोट्या ठिकाणी दोन गोष्टी दिसतात. अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी नंबर दर्शनी भागात लावलेला असला पाहिजे. आणि कच्च्या मांसाचा चिमटा नि शिजलेल्याचा चिमटा वेगळा आहे का, हे शेगडीसमोर उभं राहिलं की कळतं. चिकनचा तुकडा हाडाशी गुलाबी आणि थंड लागला तर सरळ परत द्या, आत 74 अंशांपर्यंत तापलेलं असेल तरच ते सुरक्षित. बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो देणं सक्तीचं नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच तसं सांगितलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं.

आता तुमचा कार्यक्रम. पंधरा जण, वेगवेगळ्या आवडी, लहान मुलं, आणि वेळ ठरलेली. साठीचं जेवण चेनमध्येच करा, शक्यतो आठवड्यातल्या दुपारी, तेव्हा बुफेचा दर बहुधा कमी असतो आणि वाढणाऱ्यांना उसंत असते. आजींचं मात्र आधीच फोनवर बोलून घ्या. टेबलावरच्या एकाच जाळीवर पनीर आणि चिकन शेजारी-शेजारी ठेवतात. त्यांना ते चालणार नसेल तर शाकाहारींचं टेबल आणि शेगडी वेगळी मागा, ऐनवेळी सांगितलं तर जुळत नाही. छोट्या ठिकाणी ही अडचण जास्त असते, कारण शेगडीच एक असते.

आणि वडिलांना मटण आवडत असेल, तर त्यानंतरच्या एखाद्या बुधवारी किंवा शुक्रवारी त्यांना एकट्यालाच घेऊन आठच्या आत जुन्या नाशकात जा. टेबल शोधू नका, शेगडीच्या जवळ उभं राहून गरम सीख कबाब खा. पार्सल घरी नेऊ नका, डब्यात वाफ धरली की त्या भाजण्यातलं काही उरत नाही.