लोगो आधी १६ पिक्सेलला बघ

प्रिय दोस्ता,

तुमच्या कंपनीच्या नव्या लोगोची फाइल आणि नव्या साइटचा आराखडा, दोन्ही नीट पाहिलं. लोगो स्लाइडवर छान दिसतो. पण मोठ्या पडद्यावर, काळ्या पार्श्वभूमीवर, मधोमध ठेवलं की काहीही भारदस्त दिसतं. लोगोला मंजुरी तिथे मिळते आणि नंतर त्याचं आयुष्य जातं ब्राउझरच्या टॅबमध्ये, मोबाइलच्या आयकनमध्ये, बिलाच्या कोपऱ्यात आणि रबरी शिक्क्यावर. या जागा मंजुरीच्या आधी कोणी तपासत नाही.

म्हणून सुरुवात उलट्या टोकाकडून कर. चिन्ह १६ बाय १६ पिक्सेलला, म्हणजे टॅबमधल्या आकाराला, एक्स्पोर्ट कर आणि झूम न करता बघ. तुझ्या चिन्हातल्या रेषेची जाडी एकूण रुंदीच्या साधारण चाळिसाव्या भागाइतकी आहे, म्हणजे १६ पिक्सेलला ०.४ पिक्सेल. पाऊण-अर्धा पिक्सेल रंगवता येत नाही, म्हणून तिथे फिकी छटा भरली जाते आणि तीन कमानींच्या जागी एक धूसर डाग उरतो. ३२ पिक्सेललाही जाडी ०.८च होते. सगळा लोगो जाड करून हे सुटणार नाही, मोठ्या आकारात तो बोजड दिसेल. लहान आकारासाठी वेगळं रेखाटन कर: एकच कमान, रेषा रुंदीच्या आठव्या भागाइतकी, मधली मोकळी जागा निदान रेषेइतकी, आणि कडा पिक्सेलच्या जाळीवर नेमक्या बसवलेल्या. १६, ३२ आणि १८० पिक्सेल या तीन मापांत ते नीट उभं राहिलं की मगच पुढे जा.

दुसरी चाचणी एका रंगाची. ग्रेडियंट, म्हणजे एका छटेतून दुसरीत विरघळणारा रंग, काढून चिन्ह निव्वळ काळं कर, मग गडद पार्श्वभूमीवर निव्वळ पांढरं. तुझ्या चिन्हात दोन पाकळ्या फक्त छटेच्या फरकाने वेगळ्या दिसतात, एका रंगात त्या एकमेकींत मिसळतील. मधे फट ठेवावी लागेल. निळ्याबद्दलही सांगतो: पडद्यावरचा तो विजेसारखा निळा चार रंगांच्या छपाईत येतच नाही, मळकट जांभळट होतो. आरजीबी (पडद्यासाठी), सीएमवायके (चार रंगांच्या छपाईसाठी) आणि पँटोन (तयार, क्रमांकाच्या शाईसाठी) यांची मूल्यं आत्ताच ठरव आणि छापील नमुना हातात घेऊन बघ. नाहीतर प्रत्येक छापखाना आपल्या अंदाजाने निळा काढेल.

आता वरिष्ठांशी कसं बोलायचं ते. ‘मला आवडत नाही’ असं कुठेही म्हणू नकोस, आवडीच्या वादात पगाराने मोठा माणूस जिंकतो. जुना आणि नवा लोगो टॅब, आयकन, बिल आणि शिक्क्यावर शेजारी शेजारी, एकाच मापात ठेव आणि गप्प बस. तेवढं बहुधा पुरतं.

बदलताना काय ठेवायचं, हा प्रश्न काय बदलायचं याच्या आधी विचारायला हवा. २००९मध्ये ट्रॉपिकाना या फळांच्या रसाच्या ब्रँडने खोक्यावरची संत्र्यात खुपसलेली स्ट्रॉ काढून टाकली, नाव आडव्याचं उभं केलं, आणि ग्राहकांना नेहमीचा खोका फळीवर ओळखेनासा झाला. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्के घसरली आणि कंपनीने जुना खोका परत आणला. २०१०मध्ये गॅप या कपड्यांच्या ब्रँडने निळ्या चौकोनातली उंच अक्षरं सोडून हेल्व्हेटिका हा साधा फॉन्ट आणि कोपऱ्यात एक छोटा ग्रेडियंट चौकोन घेतला. आठवडाभरात माघार घ्यावी लागली. दोन्हीकडे लोक ज्या खुणेवरून ओळखत होते तीच गेली. तुमच्याकडे ती खूण रंग आहे की अक्षरांचं वळण, हे ग्राहकांना लोगो आठवणीतून काढायला सांगून शोध. दहा-बारा जणांतच कळतं.

साइटकडे येतो. पहिल्या पडद्यावरचा तो व्हिडिओ काढ. मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसला पाहिजे, तोही मोबाइलवर, आणि व्हिडिओ नेमका त्याच्या आड येतो. फॉन्टची सहा वजनं (जाड-बारीक रूपं) घेतली आहेत, दोन पुरेत. फाइल डब्ल्यूओएफएफ२, म्हणजे वेबसाठी आकसलेल्या फॉन्टच्या प्रकारातली, असू दे, आणि फॉन्टच्या परवान्यात वेबवरचा वापर आहे का ते वाच. डेस्कटॉप परवान्यात तो बहुतेकदा नसतो. चित्रांना रुंदी-उंची आधीच दे, नाहीतर पान लोड होताना मजकूर उड्या मारतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं.

पांढऱ्यावरची करडी अक्षरं हा सध्याचा साथीचा रोग आहे. तुझा करडा, #९९९९९९, पांढऱ्यावर २.८५ : १ एवढाच कॉन्ट्रास्ट (उजेडातला फरक) देतो, वेब सुलभतेच्या नियमांनुसार साध्या मजकुराला ४.५ : १ लागतो. #७६७६७६ हा करडा जेमतेम पास होतो, त्याहून गडद घे. लोगोला या नियमातून सूट आहे, पण तोच रंग बटणावरच्या मजकुराला वापरलास की सूट संपते.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र दिसण्यात होत नाही, पानांच्या वेब-पत्त्यांत होतं. नवी साइट, नवी रचना आणि नवं डोमेन एकाच दिवशी आणू नका. साइटवर येणाऱ्यांची संख्या घटली तर कशामुळे घटली हे कोणालाच सांगता येणार नाही. जुन्या सगळ्या पानांची यादी साइटमॅप (साइटने स्वतः दिलेली पानांची यादी), सर्च कन्सोल (गूगलचं साइटमालकांसाठीचं साधन) आणि सर्व्हरचे लॉग (कोणतं पान मागितलं गेलं याच्या नोंदी) या तिन्हींतून काढ. फक्त साइटमॅपवर विसंबलं तर जुनी पण भरपूर लिंक मिळालेली पानं सुटतात. प्रत्येक पान त्याच्या सर्वांत जवळच्या नव्या पानाकडे ३०१ने, म्हणजे ‘पत्ता कायमचा बदलला’ या संकेताने, वळव. आळसाने सगळी मुख्य पानावर वळवली तर गूगल ती हरवलेलीच धरतो. एका पत्त्यावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या अशी साखळी नको. ही वळणं निदान वर्षभर ठेव. आणि चाचणीच्या साइटवर लावलेला ‘नोइंडेक्स’, म्हणजे शोधात दाखवू नका असा आदेश, लाँचच्या दिवशी काढला की नाही, हे दोघांनी स्वतंत्रपणे तपासा. हसू नकोस, हे फार वेळा राहतं.

बाकी उरतात त्या विसरलेल्या जागा: पासवर्ड बदलण्याची मेल, पावतीची पीडीएफ, पैसे भरण्याचं पान, ४०४चं (‘पान सापडलं नाही’ सांगणारं) पान. जुन्या नावाच्या कंपनीकडून नव्या रंगाची मेल आली की सावध ग्राहक तिला फसवणूक समजतो, आणि त्याचं चुकतही नाही. नव्या डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, म्हणजे मेल खरंच तुमच्याकडूनच आल्याचं पटवणाऱ्या नोंदी, लाँचच्या आधी लावून घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशीच्या मेल स्पॅममध्ये जातील.

जुनं डोमेन सोडू नका, खर्च वाचतो म्हणूनही नाही. ते सुटलं की कोणीही विकत घेऊ शकतं, आणि जुन्या पत्त्यांवर येणारी पत्रं, अगदी इतर सेवांचे पासवर्ड बदलण्याचे दुवेसुद्धा, त्याच्या हातात पडतात. नूतनीकरण कोणाच्या कार्डावर चालू आहे आणि त्या खात्याचं लॉगिन आज कोणाकडे आहे, एवढं सोमवारी आयटीला विचारून घे.