आंब्याच्या सीझनमध्ये लिहायचं कधी?

प्रश्न: मी देवगडची, घरची हापूसची कलमं आहेत. कादंबरी लिहायला घेतलीय पण मार्च ते मे पेट्या भरण्यातच जातात, रोज लिहीत नाही म्हणजे मी लेखिका कसली असं वाटतं. रूटीन कसं लावू?

उत्तर: ताई, रोज हजार शब्द वगैरे सीझनमध्ये विसरा, झेपणार नाही आणि उगाच चिडचिड होईल. इंग्लिश कादंबरीकार अँथनी ट्रोलप पोस्टात नोकरी करायचा, पहाटे साडेपाचला बसायचा, आधी अर्धा तास कालचं वाचायचा आणि मग घड्याळ समोर ठेवून दर १५ मिनिटांना २५० शब्द. (त्याला कॉफी आणून द्यायला नोकर होता हां, तुमचा चहा तुम्हालाच टाकायचाय.) पण ते कालचं वाचणं तेवढं उचला, एक पान पुरे, पुढचं आपोआप सुचतं. सीझनमध्ये फक्त मोबाईलवर व्हॉइस नोट करा, गडी काय बोलले, दलालाने भाव कसा पाडला, मटेरियलच आहे सगळं. खरं लिखाण पावसात, जून-जुलैत, लाइट गेली तर लॅपटॉपसाठी अडून बसू नका, वही ठेवा. आणि गणपतीत सरळ सुट्टी घ्या, पाहुण्यांनी भरलेल्या घरात लिहायचा हट्ट सांगितलाय कोणी?