कोणी सांगितलं नाटकाचं?

नौपाडा, ठाणे
सोमवार, रात्र

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल गडकरी रंगायतनला तू लिहिलेल्या नाटकाचा प्रयोग संपला, पण निघताना तू धड बोलली नाहीस. तलावपाळीवर चहा घेऊ म्हटलं तर नको म्हणून रिक्षात बसलीस. रिक्षा सुटता सुटता एवढंच म्हणालीस, "काका, तीन पेपरांनी डोक्यावर घेतलं आणि माणसं आली एकशे बारा. ठाण्याच्या प्रेक्षकाला फक्त हसायला हवं असतं." ते वाक्य रात्रभर मनात घोळत होतं. फोनवर तू मला मध्येच तोडलं असतंस, म्हणून लिहायला बसलोय.

आधी हिशेब, कारण तो तू पाहिलेला नाहीस. कालच्या प्रयोगाचा खर्च ९४,००० रुपये. त्यात नाट्यगृहाचं भाडं, पेपरातली जाहिरात, सात कलाकारांच्या नाइट म्हणजे प्रयोगाचं मानधन, बॅकस्टेजची मुलं, लाइट्स, बस आणि सेटचे दोन टेम्पो. गल्ला ४१,००० चा. म्हणजे एका रविवारच्या संध्याकाळी निर्मात्याच्या खिशातून ५३,००० गेले. असे आठ प्रयोग झालेत. सगळेच इतके पडले नाहीत, तरी काल मेकअपरूममध्ये तो "दुसऱ्या अंकात चार विनोदी पंच टाका" असं का म्हणाला, ते तुझ्या लक्षात यावं. त्यानं बायकोचे दागिने ठेवून हे नाटक उभं केलंय आणि तो घाबरलाय. त्याचा राग करू नकोस. त्याचं ऐकूही नकोस. का, ते पुढे सांगतो.

बँकेची नोकरी सांभाळून ३१ वर्षं मी नाटकांचं व्यवस्थापन पाहिलं. बुकिंगच्या खिडकीपाशी माझ्याकडे एक वही असायची. तिकीट घेणाऱ्याला मी एकच विचारायचो, "कोणी सांगितलं नाटकाचं?" आणि उत्तर जसंच्या तसं लिहून ठेवायचो. अशा अकरा वह्या आहेत माझ्याकडे, माळ्यावरून काढून ठेवल्यात, येऊन बघ. पहिल्या चार-पाच प्रयोगांना उत्तर ठरलेलं असतं: पेपरात वाचलं, अमुक नट आहे म्हणून आलो. चालणार असलेल्या नाटकाच्या वहीत आठव्या-दहाव्या प्रयोगापासून उत्तरं बदलायला लागतात. "जाऊबाई बघून आल्या." "ऑफिसमधल्या एकीनं सांगितलं." "आमच्या डॉक्टरांनी." एकदा एकानं लिहायला लावलं होतं, "बायको आठवडाभर त्याच्यावरच बोलतेय, म्हणून आलो." पेपरातली माणसं संपतात आणि जाऊबाईंची माणसं यायला लागतात, त्या दोन्हींच्या मधे एक खड्डा असतो. तीन आठवड्यांचा, कधी तीन महिन्यांचा. बहुतेक चांगली नाटकं त्या खड्ड्यातच जातात. प्रेक्षकांनी ती नाकारलेली नसतात, त्यांच्यापर्यंत ती पोचलेलीच नसतात.

तू आत्ता त्या खड्ड्यात उभी आहेस. प्रेक्षकानं तुला नाही म्हटलं असं तू समजतेस, पण विचारणं अजून पुरतं झालेलं नाही.

परीक्षणांचं कात्रण तू पर्समध्ये ठेवलंयस, ते मी पाहिलं. ठेव, ती मनापासून लिहिलेली आहेत. पण ती एकदा माझ्या नजरेनं वाच. 'आवर्जून पाहावं असं', 'विचार करायला लावणारं', 'धाडसी प्रयत्न'. कासारवडवलीत राहणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला यातला कुठला शब्द रविवारी संध्याकाळी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये उतरवेल? त्यांची चार तिकिटं, रिक्षा, मध्यंतरातले बटाटेवडे मिळून दोन हजारांच्या वर जातात. आईनं पुनर्विकासाच्या कागदांवर सही केली तर मुलीचं घर जाणार आणि नाही केली तर शेजाऱ्यांचं, हे नाटकाच्या पोटात आहे, आणि तीनपैकी एकाही परीक्षणात ते एका वाक्यात आलेलं नाही. समीक्षक रचनेबद्दल लिहितो, ते त्याचं कामच आहे. जाऊबाई गोष्ट सांगतात. तुला दोन्ही लागणार आहेत, आणि जाऊबाई उशिरा येतात.

तुझ्या वयाच्या सगळ्यांना सिनेमाचीच उदाहरणं पटतात, म्हणून तीही सांगतो. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला लागला. सुरुवातीची परीक्षणं थंड होती आणि धंद्यातली माणसं चेहरे पाडून बसली होती. जय मरतो ते लोकांना रुचत नसेल, तेव्हा शेवट बदलून नव्यानं चित्रीकरण करावं, इथपर्यंत बोलणी गेली. मग थोडं थांबू या असं ठरलं. त्या थांबण्यात काय वाचलं ते बघ. पुढे मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. त्या वर्षीच्या फिल्मफेअरमध्ये उत्कृष्ट चित्रपटाचा मान 'दीवार'ला गेला, आणि 'शोले'ला मिळालं ते फक्त संकलनाचं पारितोषिक, आपल्या एम. एस. शिंदे यांना. परीक्षक आणि पहिल्या आठवड्याची तिकीट खिडकी, दोघांचेही अंदाज चुकले. चित्रपट थिएटरात टिकला म्हणून ती चूक दुरुस्त झाली.

तसं टिकणं आता सिनेमाला फार कठीण झालंय. शुक्रवारी लागतो, शनिवार-रविवारचे आकडे बघून सोमवारी शो कमी होतात, उरलेला एक शो सकाळी साडेनऊचा. त्यातून २००९ मध्ये निर्मात्यांनी मल्टिप्लेक्सविरुद्ध संप केल्यावर जी वाटणी ठरली ती अशी: कर वजा जाता पहिल्या आठवड्यात निर्माता-वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि नंतर ३०. म्हणजे हळूहळू रंगणारा चित्रपट महिनाभर तग धरून राहिला, तरी गर्दी येईपर्यंत त्याचा वाटा उतरलेला असतो. सावकाश पसरणाऱ्या कौतुकाला या हिशेबात जागाच नाही. नाटकाचं तसं नाही. तारीख मिळाली, भाडं भरलं की प्रयोग आपला. आपण एकेका प्रयोगानं वेळ विकत घेऊ शकतो. ही सोय किती मोठी आहे, ते सिनेमावाल्यांना विचार.

विकत घेऊ शकतो, पण परवडला तर. 'मेरा नाम जोकर' १९७० मध्ये आला. त्यावर कित्येक वर्षं आणि राज कपूरचं होतं नव्हतं ते सगळं खर्ची पडलं होतं. तो पडला. आज त्याला अभिजात म्हणतात, पण ही नंतरची थोरवी त्या वर्षीचं कर्ज फेडायला आली नाही, ते काम १९७३ मध्ये 'बॉबी'नं केलं. उलट १९८३ चा 'जाने भी दो यारों' बघ. सात लाखांच्या आसपास केलेला, लागला तेव्हा बेताचाच चाललेला. कमी पैशात झाल्यामुळे तो कोणाला घेऊन बुडाला नाही, आणि पुढे टीव्हीवरून घराघरांत गेला.

आपल्याकडचं 'घाशीराम कोतवाल' तर तुला पाठ आहे. डिसेंबर १९७२ मध्ये आलं आणि १९ प्रयोगांनंतर ज्या संस्थेनं केलं तिनंच बंद केलं. मग त्यात काम करणाऱ्या मुलांनी थिएटर ॲकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. पुढे ते युरोपात गेलं, त्याची कौतुकं आपण करतो. मला मात्र १९ आणि २० या प्रयोगांमधले ते महिने महत्त्वाचे वाटतात. त्या महिन्यांत त्या मुलांनी हात टेकले असते तर पुढचं काहीच झालं नसतं.

आता तुझ्या दुसऱ्या वाक्याकडे येतो: ठाण्याला फक्त हसायला हवं असतं. हे मला लागलं. गडकरी १९७८ ला उघडलं तेव्हापासून मी तिथे बसतोय. १९९१ चं 'चारचौघी' २०२२ मध्ये नव्या संचात आलं तेव्हा नातीला घेऊन आलेल्या आज्या मी पाहिल्यात. 'संगीत देवबाभळी' एकांकिकेतून मोठं झालं, रंगमंचावर दोनच बायका, एक तुकोबांची आवली आणि दुसरी रखुमाई. त्याच्या लेखकाला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला आणि तिकिटांसाठी रांगाही लागल्या. ही दोन्ही नाटकं हसवण्यासाठी लिहिलेली नाहीत.

आणि हसायला येणाऱ्या माणसाला कमी लेखू नकोस. दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' १९७१ चा. पुढे त्यांच्या लागोपाठ नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव झाले, गिनीज बुकात नाव गेलं, आणि शहाणी माणसं नाक मुरडत राहिली. गिरणगावातला आणि खेड्यातला माणूस पडद्यावर स्वतःसारखा बोलताना पहिल्यांदा पाहून लोक खूश होत होते, ते त्या शहाण्यांना ऐकूच आलं नाही. मी स्वतः एका फार्सचे चारशेहून जास्त प्रयोग सांभाळलेत. त्याला एकही बरं परीक्षण मिळालं नाही. विंगेत उभं राहून मी शिकलो की हशा कुठे येणार हे नटाला माहीत असतं, पण तो कधी ओसरणार हे रोज नव्यानं ऐकावं लागतं. ते ऐकणं तुझ्या नाटकालाही लागतं.

'कोर्ट' आणि 'सैराट' यांच्या प्रदर्शनात जेमतेम वर्षाचं अंतर. 'कोर्ट'ला व्हेनिसमध्ये सन्मान, राष्ट्रीय पुरस्कारात सुवर्णकमळ, ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका. थिएटरात प्रेक्षक थोडा. पण तो अजून जमतोय, दहा वर्षांनंतरही त्याचं नाव निघतं. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला लागण्याआधी बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला होता. आमच्या नाक्यावरच्या रिक्षावाल्यांना बर्लिनचं काही माहीत नव्हतं, त्यांना गाणी माहीत होती. मराठीतला शंभर कोटींच्या पुढे गेलेला तो पहिला चित्रपट. महोत्सवातल्या जाणकारांना शेवटची शांतता भिडली, नाक्यावरच्या मुलांना 'झिंगाट', आणि शेवटी त्या मुलांनाही तीच शांतता घेऊन घरी जावं लागलं. जाणकारांसाठी एक आणि गल्ल्यासाठी दुसरं असे दोन वेगळे चित्रपट त्यात शिवलेले नव्हते. म्हणून चार पंच टाकायला मी नको म्हणतो. ते वरून शिवलेले दिसतील, आणि जाऊबाईंना ते लगेच कळतं.

मग काय करायचं? खर्च उतरवू या. जिन्याचा तो मोठा सेट मला आवडतो, पण त्यासाठी दुसरा टेम्पो लागतो. जिना फक्त प्रकाशात आणि आवाजात आणता येईल का, दिग्दर्शकाशी बोल. बिल्डरचा माणूस आणि सोसायटीचा सेक्रेटरी ही दोन पात्रं एकच नट करू शकतो, मला तर त्यात जास्त अर्थ दिसतो. पेपरातली जाहिरात अर्धी करू. प्रयोगाचा खर्च सत्तर हजारांवर आला तर निर्माता आणखी पंधरा प्रयोग दम धरेल, तसं त्याच्याकडून मी वदवून घेतलंय. आणि नौपाडा, चरई, पाचपाखाडीत ज्या सोसायट्यांमध्ये पुनर्विकासाच्या सभा चालल्यात, त्यांच्या कमिट्यांना आपण स्वतः जाऊन भेटू. तुझं नाटक त्यांच्याच घरात चाललंय. परीक्षण वाचून ते आले नसते, विषय ऐकून येतील. दुपारच्या प्रयोगासाठी दोन महिला मंडळांशी माझं बोलणं झालंय.

दुसऱ्या अंकातल्या मेथी निवडण्याच्या प्रसंगाला मात्र हात लावू देऊ नकोस. चार मिनिटं आई आणि मुलगी एकही शब्द बोलत नाहीत, निर्मात्याला ते अंगावर येतं. मी काल पंचविसाव्या रांगेत होतो. एकशे बारा माणसांत एक खोकला आला नाही.

आणखी एक, जे तू रिक्षात बसून गेल्यामुळे हुकलं. प्रयोग सुटल्यावर मी नेहमीसारखा जिन्यावर उभा होतो. नाटक पडतं तेव्हा लोक जिना उतरताना जेवायला कुठे जायचं ते ठरवत असतात. काल दोन बायका, बहिणी असाव्यात, अर्ध्या जिन्यावर थांबल्या. मोठी म्हणाली, "आईनं तेव्हा सही केली नसती तर?" धाकटी रडत होती. वॉचमननं दिवे घालवायला सुरुवात केली तरी त्या हलल्या नाहीत. शेवटी मोठीनं मला विचारलं, पुढचा प्रयोग कधी, भावाला आणायचंय. मी वहीत लिहून घेतलं.

शनिवारी वाशीला, विष्णुदास भावे नाट्यगृहात चारचा प्रयोग आहे. तू अडीचला ये. ठाण्याहून ट्रान्सहार्बरची गाडी धर, रस्त्यानं येऊ नकोस, ऐरोलीला अडकशील. वही आणि पेन मी आणतो. दारात उभं राहून तिकीट फाडताना विचारायचं काम या वेळी तू करायचंस.

तुझा,
काका