यादीतला प्रश्न आणि यादीबाहेरच्या दोन जावा

शालिनीताई (नाव बदललं आहे) माझ्याकडे आल्या त्या आपल्या बायबल अभ्यासाच्या गटात पुढं काय घ्यायचं याची यादी घेऊनच. वहीच्या पाठकोऱ्या पानावर एकाखाली एक: प्रार्थना, विश्वास, कुटुंब, अंतकाळ म्हणजे जगाचा शेवट, आणि बायबलमधली दोन पुस्तकं, स्तोत्रसंहिता नि रोमकरांस पत्र. प्रत्येकापुढे ते कोणी सुचवलं त्याचं नाव. "ताई, यातलं एक तुम्ही सांगा. म्हणजे मला गटात तुमचं नाव पुढं करता येईल."

घरोघरी भरणाऱ्या बायबल अभ्यासाचे गट चालवणारी माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा शब्द वेगळे असले तरी काळजी हीच असते. एकमत होत नाही, मी चुकीचं निवडलं आणि माणसं गळाली तर? शालिनीताईंचा गट नगर जिल्ह्यातल्या एका गावातला, दर गुरुवारी संध्याकाळी सातला. दहा-बारा जण. निवृत्त गुरुजी, दोन नर्स, किराणा दुकान चालवणारं जोडपं, वसईहून लग्न होऊन आलेली एक कॅथलिक सून, मोबाइलवर अंतकाळाचे व्हिडिओ पाहणारा विशीतला एक मुलगा, वाचता न येणाऱ्या सत्तरीच्या एक आजी. आणि दोन सख्ख्या जावा.

मी यादी बाजूला ठेवली. "याच्या आधी काय घेतलं होतं?"

"क्षमा."

"ते कोणी सुचवलं?"

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग हळूहळू सगळं निघालं. घराच्या वाटणीवरून त्या दोन जावांचं बोलणं बंद झालं होतं. एकाच खोलीत बसायच्या, एकच प्रार्थना म्हणायच्या आणि जाताना चपला घालायलासुद्धा दुसरी निघून जायची वाट पाहायच्या, म्हणजे दारात गाठ पडायला नको. शालिनीताईंना वाटलं, आपण बोलण्यापेक्षा बायबलचं वचनच बोलू दे. पहिल्या गुरुवारी मत्तयाचा अठरावा अध्याय झाला; शिष्य पेत्र येशूला विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, तो. दुसऱ्या गुरुवारी योसेफ आणि त्याला विकणारे, पण त्यानं क्षमा केलेले त्याचे भाऊ. मधेच कोणीतरी धाकट्या जावेकडे पाहिलं. तिनं बायबल मिटलं, तास संपेपर्यंत मांडीवर तसंच धरून ठेवलं आणि तिसऱ्या गुरुवारपासून ती आलीच नाही.

त्यांच्या यादीमागचा खरा प्रश्न हा होता, आणि तो यादीत नव्हता.

गट कुठलाही असो, ही चूक मी वारंवार पाहते. विषय निवडताना डोळ्यांपुढे विषय नसतो, कोणीतरी एक माणूस असतो. एकाचं पिणं सुटावं म्हणून "व्यसनमुक्ती", दुसऱ्यानं दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, चर्चला द्यावा म्हणून "दातृत्व". याला अभ्यास म्हणत नाहीत, हा बारा जणांच्या साक्षीनं एकाला धाडलेला निरोप असतो. आणि ज्याच्यासाठी तो धाडलेला असतो त्याला तो सगळ्यांत आधी कळतो.

"पण मी तिच्या भल्यासाठीच केलं," शालिनीताई म्हणाल्या.

"तिच्याकडे जाल तेव्हा हे वाक्य तेवढं गाळा."

"जाऊ म्हणता?"

"जा. गटात परत ये असं म्हणायला नव्हे. माझं चुकलं, एवढंच सांगायला."

इथं त्या रडल्या. पुढं काय घ्यायचं हे पंधरा मिनिटांत ठरलं असतं, पण या एका वाक्यावर आमचा पाऊण तास गेला. ती उलट बोलली तर? मोठ्या जावेला कळलं तर मी धाकटीची बाजू घेतली असं होईल का? शेवटी त्यांनी माझ्यासमोर ते वाक्य तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्या वेळी "भल्यासाठी" गळलं.

मग यादी घेतली. माझं मत मी लपवत नाही: नव्या किंवा दुखावलेल्या गटानं विषय घेऊ नये, बायबलमधलं एक अख्खं पुस्तक घ्यावं आणि ते छोटं असावं. विषयाचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असतं, त्याला जुळणारी वचनं आपण इथून एक, तिथून एक अशी वेचतो. पुस्तकात पुढचं पान आपल्या हातात नसतं. जे कोणी निवडलं नसतं तेही समोर येतं, आणि ते कोणाच्या नावानं आलेलं नसतं, म्हणून ते ऐकून घेणं सोपं जातं. वचनांचे आकडे तरी कुठं मुळातले आहेत? अध्याय पाडले गेले तेराव्या शतकात आणि नव्या करारात आज दिसतात ते वचनांचे आकडे रोबेर एतिएन या मुद्रकानं १५५१ साली घातले. पौलानं फिलिप्पैकरांना लिहिलेलं पत्र तिथं जमलेल्या माणसांनी सलग ऐकलं असणार, त्यातल्या चौथ्या अध्यायाच्या तेराव्या वचनाचा स्टिकर करून फ्रिजवर लावलं नसणार. (माझ्या फ्रिजवर आहे. असो.)

गुरुवार किती हातात आहेत, हे मी विचारलं. नाताळच्या गाण्यांची तालीम सुरू व्हायच्या आधी चार. म्हणजे सोळा अध्यायांचं रोमकरांस पत्र आपोआप बाद. आजींना वाचता येत नाही, म्हणजे युक्तिवादापेक्षा गोष्ट बरी, ऐकून लक्षात राहील अशी. वसईच्या सुनेच्या बायबलात त्र्याहत्तर पुस्तकं, बाकीच्यांच्यात सहासष्ट, तेव्हा दोन्हीकडे असलेलं हवं. आणि तो मुलगा? प्रकटीकरण, म्हणजे बायबलमधलं अंतकाळावरचं शेवटचं पुस्तक, नको असं त्याला सांगू नका, असं मी म्हटलं. नाही म्हटलं की ते तो एकटा मोबाइलवर शिकतो. पण त्याचे सगळे बावीस अध्याय सुरुवातीला घेणारे गट त्यातल्या ६६६ या गूढ आकड्यापाशी जाऊन अडकलेले मी पाहिले आहेत. त्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायातली सात मंडळ्यांना, म्हणजे तेव्हाच्या ख्रिस्ती समुदायांना, लिहिलेली सात पत्रं नव्या वर्षात घ्या, आणि पहिल्या पत्राची तयारी त्यालाच करू द्या.

उरली दोन पुस्तकं, रूथ आणि योना. दोन्ही चार-चार अध्यायांची. रूथ ही नामीची विधवा सून, सासूला सोडून न जाणारी. शालिनीताईंचा चेहरा रूथ म्हटल्यावर खुलला आणि मला लगेच शंका आली.

"सासू-सुनेचं प्रेम दाखवून जावांना लाजवायचं नाही हं."

त्या हसल्या. म्हणजे तेच मनात होतं.

निवड त्यांनी एकटीनं करू नये आणि हात वर करून मतदानही घेऊ नये, असं ठरलं. मतदानात हरलेले चार जण पुढचे चार आठवडे हरलेलेच बसतात. दोन्ही पुस्तकांची सुरुवात गटात मोठ्यानं वाचायची, लोक कशावर बोलू लागतात ते पाहायचं. गट रूथवर बोलू लागला. दुष्काळ पडला म्हणून घर सोडून परक्या मुलखात गेलेलं कुटुंब, हे नगरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

पुढचं मला फोनवर कळत गेलं. पहिल्या गुरुवारी चौघांनी एकेक अध्याय वाचला, वीस मिनिटांत अख्खं पुस्तक ऐकून झालं. दुसऱ्या गुरुवारी दुसरा अध्याय. रूथ बवाज नावाच्या शेतमालकाच्या शेतात सरवा वेचते, या वाक्यावर दोन्ही नर्सबाई थांबल्या. सरवा म्हणजे काय? गुरुजी सांगू लागले तेवढ्यात, आजवर गटात तोंड न उघडलेल्या आजी म्हणाल्या, "मी वेचलाय की." कापणीनंतर रानात पडलेली कणसं, लेकुरवाळ्या बाया पहाटे कशा जायच्या, कुठला मालक हाकलायचा आणि कुठला मुद्दाम चार कणसं मागं सोडायचा. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेताची कड कापू नका, ती गरिबाला नि परक्याला ठेवा असा नियम आहे, तो गुरुजींनी वाचून दाखवला. आजी म्हणाल्या, "नियम सगळ्यांनाच ठावं असतो." त्या संध्याकाळी शिकवणाऱ्या त्याच होत्या. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या माणसाला कळेल असं मराठी बायबल केलं. ते १९२४ साली, त्या गेल्यानंतर दोन वर्षांनी निघालं. ते कोणासाठी केलं असेल, ते मला हा फोन ऐकताना जास्त समजलं.

त्याच आठवड्यात आजींना धाकटी जाऊ पिठाच्या गिरणीत भेटली. त्यांनी तिला क्षमेबद्दल काही सांगितलं नाही, सरव्याबद्दल सांगितलं. शालिनीताई त्याआधी तिच्या घरी जाऊन आल्या होत्या. चहा मिळाला नव्हता, पण दार उघडं राहिलं होतं. तिसऱ्या गुरुवारी ती आली आणि दाराजवळ बसली. शेवटी तिनं एकच विचारलं, तेही मागं सरकून पहिल्या अध्यायातलं. नवरा आणि दोन मुलगे गमावून परतलेली नामी गावातल्या बायांना म्हणते, मला नामी नका म्हणू, ‘मारा’ म्हणा, म्हणजे कडू. भरलेली गेले, रिकामी आले. "ती एवढं बोलल्यावर त्या बाया काहीच का बोलल्या नाहीत?"

पाहिलं तर खरंच, तिथं बायांचं उत्तर नाही. त्या बोलतात ते थेट चौथ्या अध्यायात, रूथला मुलगा, ओबेद, झाल्यावर.

"ताई, मी उत्तर दिलं नाही," शालिनीताईंनी मला फोनवर सांगितलं. "तोंडाशी आलं होतं. गिळलं."

जावा अजून बोलत नाहीत. चपलांपाशी थांबणं मात्र मोठीनं सोडलंय म्हणे. आधी जाते, सरळ.

जानेवारीत पुन्हा फोन. सात पत्रं चालू आहेत, मुलानं पहिल्या, इफिसच्या, पत्रावर छान तयारी केली, पण आजी रुसल्या आहेत. त्यात शेत नाही. पुढं शेताचंच काहीतरी घ्या म्हणतात.

"आमोस घ्या," मी म्हटलं. "नऊ अध्याय आहेत. हा संदेष्टा म्हणजे माणूस गुराखी, उंबराची झाडं सांभाळणारा. फक्त आठव्या अध्यायात माप लहान करून तराजूत फसवणाऱ्यांना झाडलंय, तेव्हा तुमच्या दुकानवाल्यांना आधी जरा..." आणि मी जीभ चावली.

पलीकडून शालिनीताई बराच वेळ हसत होत्या.