आर-२२ चा चिलर आणि १३४ए: गॅस बदलायचा की मशीन?

तुम्ही विचारलंय: कॉलेज कॅम्पसवर एसीसाठी पाणी थंड करणारी तीन मशीनं (चिलर) आहेत, ३०० टीआरचे (टन ऑफ रेफ्रिजरेशन, म्हणजे थंड करण्याची क्षमता) दोन १३४ए गॅसवरचे स्क्रू चिलर आणि एक जुना आर-२२ गॅसवाला, आणि व्हेंडर म्हणतोय तिन्हीत 'ग्रीन' गॅस भरून देतो, तर करावं का? माझं स्पष्ट मत, आर-२२ च्या मशीनवर आता एक रुपयाही घालू नका.

कॉम्प्रेसरचं तेल न बदलता चालतात म्हणून आर-२२ च्या जागी ४२२डी वगैरे गॅस खपवतात ना, त्यांनी आर-२२ सारखा ओझोनला धक्का लागत नाही हे खरं, पण ४२२डी चा जीडब्ल्यूपी (कार्बन डायऑक्साइडच्या किती पट हवा तापवतो तो आकडा) २७०० च्या वर आहे आणि आर-२२ चा १८१०, म्हणजे पर्यावरणासाठी म्हणून खर्च करायचा आणि जास्त तापवणारा गॅस भरायचा! ४०७सी घेतला तर आकडा जवळपास आर-२२ इतकाच, वर सगळं तेल बदलून पीओई (एक सिंथेटिक तेल) करा, सील बदला. त्यात २०३० ला आपल्याकडे आर-२२ मिळणं जवळजवळ बंद होणार. मशीन काढताना गॅस मात्र रिकव्हरी सिलिंडरमध्येच उतरवून घ्या आणि वजनाची पावती मागा, हवेत सोडू देऊ नका, प्लीज.

१३४ए ची गोष्ट वेगळी. आधी टॉप-अपची (कमी झालेला गॅस भरल्याची) जुनी बिलं काढा. ३०० टीआरच्या मशीनमध्ये अंदाजे ३०० किलो गॅस धरला आणि वर्षाला १० टक्के गळत असेल तर ३० किलो, गुणिले १४३०, म्हणजे ४३ टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं, आणि एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा कंत्राटदार) येतो, भरतो, जातो, लीक कुणी शोधतच नाही. नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट करा, व्हॉल्व्हचे ग्लँड, फ्लेअर जॉइंट, रिलीफ व्हॉल्व्ह सगळं तपासा. त्यानंतर १३४ए च्या जागी ५१३ए गॅसचा विचार करा, जीडब्ल्यूपी साधारण ६३०, तेल तेच चालतं, क्षमताही फारशी पडत नाही. पण चिलर कंपनीची लेखी मान्यता हवीच. १२३४झेडई हा गॅस मात्र त्याच कॉम्प्रेसरमध्ये भरू नका, क्षमता पाऊणवर येते आणि तो थोडा ज्वलनशीलही आहे.

आर-२२ च्या जागी नवीन घेताना १२३३झेडडी गॅसवरचा सेंट्रीफ्यूगल चिलर बघा, जीडब्ल्यूपी जेमतेम १. त्याचा इव्हॅपोरेटर व्हॅक्यूममध्ये चालतो त्यामुळे तिथे लीक झालाच तर गॅस बाहेर जाण्याऐवजी हवा आत येते, म्हणून ती हवा बाहेर काढणारं पर्ज युनिट चांगलं हवं. एचएफसी गॅस (१३४ए त्यातलाच) कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय किगाली करारानुसार २०२८ पासून भारतातही त्यांच्यावर मर्यादा येतेय, तेव्हा नवीन मशीन १३४ए चं कुणी स्वस्तात दिलं तरी नको. आणि टेंडरमध्ये पार्ट लोडची (मशीन पूर्ण क्षमतेपेक्षा कमी चालतं तेव्हाची) एफिशियन्सी लिहून घ्या, कारण गॅसपेक्षा विजेचाच कार्बन जास्त असतो.

दोन्ही १३४ए च्या नेमप्लेटचे फोटो आणि टॉप-अपचे आकडे इथे टाका, मग ५१३ए करावं का ते नक्की सांगतो.